सारखी सर्दी, सारखं आजारपण... इम्युनिटी वाढवायला नेमकं काय करावं?

धायरीकर_आई:
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सल्ला देता येणार नाही. आम्ही धायरीला राहतो, घरात मी, नवरा, सासूबाई आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. मुलगा जूनमध्ये प्लेग्रुपला जायला लागला आणि तेव्हापासून घरातली सर्दी हटतच नाहीये. आधी त्याचं नाक गळायला लागतं, मग दोन-तीन दिवसांत माझा घसा धरतो, मग सासूबाई खोकायला लागतात (त्यांना शुगर आहे, बीपी आहे, म्हणून त्यांचं जास्त टेन्शन) आणि आता सगळे बरे होतोय असं म्हणेपर्यंत पिल्लू परत शिंकत घरी येतं. गणपतीत तर अख्खं घर आडवं झालं होतं.

त्यात माझं वेगळंच चालू असतं. सकाळी उठल्या उठल्या एकामागून एक शिंका, नाक नुसतं पाण्यासारखं वाहतं, डोळे खाजतात, आणि दहा-अकरा वाजेपर्यंत आपोआप कमी होतं. ताप वगैरे काही नाही. ऑफिस हिंजवडीला, तिथे दिवसभर एसी.

उपाय म्हणाल तर सगळे चालू आहेत, आईने मोरावळा पाठवलाय, सोसायटीतल्या काकू म्हणतात गुळवेलाचा काढा रोज घ्या, मेडिकलवाल्याने व्हिटॅमिन सी आणि झिंकच्या गोळ्या दिल्यात, च्यवनप्राश आहेच. आणि मुलाला जवळच्या एका दवाखान्यात दर वेळी अँटिबायोटिक देतात, ते मला मनापासून खटकतं. कोणी सांगेल का की इम्युनिटी खरंच वाढवता येते का आणि कशाने? फॉरवर्डमधलं नको, अनुभवाचं किंवा माहितीतलं सांगा प्लीज.

तळजाईवाला:
ताई, गोळ्यांच्या आधी झोप बघा. २०१५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, १६४ निरोगी माणसांची झोप आठवडाभर मोजली आणि मग त्यांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा व्हायरस सोडला. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. हिंजवडीला जाऊन येऊन, लहान मूल सांभाळून तुमची झोप किती होत असेल ते कळतंय, पण सगळ्यात जास्त फरक तिथेच पडेल. आणि रोज थोडं चालणं, टेकडी जवळ नसेल तर सोसायटीतच चाला.

ओपीडीतली_ताई:
मी नर्स आहे, लहान मुलांच्या ओपीडीत बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलाबद्दल. प्लेग्रुपच्या पहिल्या वर्षात हे जवळपास प्रत्येक घरात होतं आणि त्याचा अर्थ मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे असा अजिबात नाही. सर्दी करणारे व्हायरस दोनशेच्या आसपास आहेत, एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार, त्यामुळे एकाशी ओळख झाली तरी पुढचा नवीनच असतो, आणि आत्तापर्यंत घरात असलेल्या मुलाला हे सगळे एकदम भेटतात. या वयात वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल धरतात, प्लेग्रुपला जाणाऱ्यांना त्याहून जास्त वेळा होऊ शकते, मोठ्यांना दोन-तीन वेळा. एकेक सर्दी सात ते दहा दिवस चालते, खोकला त्यापुढेही रेंगाळतो. म्हणजे पावसाळ्याचे महिने धरले तर आईला हा कायमच आजारी वाटणार, त्यात तुमची काही चूक नाही. बघायचं ते हे की मधल्या दिवसांत तो खेळतो का, नीट खातो का, वजन-उंची वाढतेय का. हे तीनही ठीक असेल तर मन घट्ट करा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आपोआप कमी होतं.

तपासणी कधी करायची तेही सांगते, कारण सगळ्यांना सरसकट "काही नाही होत" म्हणणं पण बरोबर नाही. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, चार-पाच वेळा कान फुटला, वजन वाढत नाहीये, तोंडात पांढरी बुरशी परत परत येते, दर वेळी ॲडमिट करावं लागतं, असं असेल तर मोठ्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बोला. रात्री घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) वाढलंय का ते बघून घ्या. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, मग तो घरात कोणाचाही असो, थुंकीची टीबी तपासणी करून घ्यायची, सरकारी दवाखान्यात फुकट होते. सासूबाईंना शुगर आहे म्हणून हे मुद्दाम सांगतेय, शुगर असलेल्यांना टीबीचा धोका जास्त असतो.

अँटिबायोटिकचं तुम्हाला खटकतंय ते अगदी योग्य आहे. सर्दी व्हायरसने होते, अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच असंही नाही, साध्या सर्दीतही चार दिवसांनी रंग बदलतो. कानात इन्फेक्शन आहे, न्यूमोनिया आहे, दहा दिवस उलटले तरी उतार नाही, अशा वेळी डॉक्टर देतील आणि तेव्हा कोर्स सांगितला तसा द्यायचा. पण पुढच्या वेळी सरळ विचारा, "डॉक्टर, हे बॅक्टेरियाचं आहे का, दोन दिवस थांबून बघितलं तर चालेल का?" चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. नाक गळणं, घसा दुखणं, कणकण येणं हे बरंचसं आपली प्रतिकारशक्तीच करते, व्हायरसशी लढताना. त्यामुळे "बूस्टर" नावाने जे विकतात त्याने नक्की काय वाढणार हे बाटलीवर कोणी लिहीत नाही. जे कमी आहे ते भरून काढणं मात्र नक्की करता येतं. मुलाचं हिमोग्लोबिन तपासा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं ॲनिमिक निघाली होती, म्हणजे आपल्याकडे ही काही लांबची गोष्ट नाही. तुमचं स्वतःचं पण सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), व्हिटॅमिन बी१२ आणि डी३ करून घ्या. डी कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तसे सॅशे घ्या, मनाने आठवड्याला एक एक असं महिनोन् महिने घेऊ नका, रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

व्हिटॅमिन सी रोज घेतलं तरी सर्दी होण्याचं प्रमाण कमी होत नाही, हे पुष्कळ अभ्यास एकत्र करून बघितलंय. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटपते, मोठ्यांत साधारण ८ टक्के, मुलांत १४ टक्के, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा-एक दिवस. त्यासाठी गोळ्या कशाला? पेरू खा, पेरूत संत्र्याच्या तीन-चार पट सी असतं आणि मंडईत आत्ता ढीग लागलेत. बाकी मूग-मटकीची उसळ, अंडं, नाचणी, पालेभाजी, मुलाला जे रुचेल ते.

नर्‍हेगावकर:
वरच्या ताईंनी छान सांगितलंय, फक्त हात धुण्याचं राहिलं. प्लेग्रुपमधून आला की आधी साबणाने हात, वीस सेकंद तरी, मग खाऊ. आमच्याकडे एवढ्या एका गोष्टीने आजीचं आजारपण कमी झालं. आणि नातू सर्दीने भरलेला असताना आजीच्या ताटात जेवणं तेवढं थांबवा, दोघांना वाईट वाटतं पण चार दिवसांचा प्रश्न असतो.

कोथरूडकर७६:
धायरीकर ताई, तुमचं सकाळचं वर्णन वाचून लिहायलाच आलो. ही सर्दी वाटत नाही, ॲलर्जी वाटते. ताप नाही, घसा दुखत नाही, नाक पाण्यासारखं, डोळे खाजतात, सलग शिंका, ठराविक वेळी येते आणि जाते, हे सगळं ॲलर्जीचं आहे. मला कॉलेजपासून हेच होतं आणि घरचे बिचारे मला इम्युनिटी कमी म्हणून टॉनिकं पाजत राहिले. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी नसते हो, ती साध्या धुळीला शत्रू समजून नको तेवढी चवताळलेली असते, तिला आणखी "वाढवून" काय मिळणार? ईएनटीला दाखवा, पाच मिनिटांत सांगतील.

पुण्यात कारणं भरपूर आहेत. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची देशातली पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली आणि आज धायरी-नर्‍हेच्या कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर पावसाळ्यानंतर ते कमरेएवढं वाढलेलं दिसेल, त्याचे परागकण अनेकांना झोंबतात. मग बांधकामांची धूळ, बाल्कनीतली कबुतरं (त्यांच्या वाळलेल्या विष्ठेने फुफ्फुसाचा वेगळाच आजार होऊ शकतो, जाळी बसवून घ्या, आणि साफ करताना आधी पाणी मारून मग मास्क लावून काढा, कोरडं झाडू नका), आणि सगळ्यात मोठं म्हणजे गादी-उशीतले डस्ट माइट, डोळ्याला न दिसणारे किडे. सकाळीच का होतं, तर रात्रभर आपण त्यांच्यातच झोपलेलो असतो. चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गादीला ऊन दाखवा, मुलाचे केसाळ टेडी बेडवरून हलवा, झाडू मारायच्या ऐवजी ओल्या फडक्याने पुसा, उदबत्ती आणि मच्छर कॉइल बेडरूममध्ये बंद.

औषधात मला डॉक्टरांनी दिलेल्या नाकाच्या स्टेरॉइड स्प्रेने फरक पडला, नियमित मारावा लागतो, एका दिवसात जादू होत नाही. मेडिकलमध्ये मिळणारे नाक मोकळं करणारे ड्रॉप्स मात्र तीन ते पाच दिवसांच्या वर वापरू नका, सवय लागते आणि नाक आणखी चोंदतं. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट नको.

सदाशिवपेठी_काका:
सगळं पटलं पण काढ्याला एकदम मोडीत काढू नका एवढीच विनंती. आलं, गवती चहा, तुळस, चार मिरे घालून गरम गरम घेतलं की घशाला बरं वाटतं, कफ सुटतो, पिढ्यान् पिढ्या आपण घेत आलोय. मध पण खोकल्याला उत्तम. नव्या मुलांना सगळ्यासाठी गोळीच हवी असते, याचं वाईट वाटतं.

ओपीडीतली_ताई:
काका, मोडीत नाही काढत, मी स्वतः घेते. गरम पाणी, आलं, गवती चहा, जरूर घ्या. मधाचा तर मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर चांगला उपयोग दिसलाय, झोपताना अर्धा ते एक चमचा, फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, चाटवायचा सुद्धा नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. माझी काळजी रोजच्या रोज, महिनोन् महिने घेतल्या जाणाऱ्या गोष्टींची आहे. ज्येष्ठमधाने बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, म्हणजे सासूबाईंना तो नको. गुळवेलाचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटांबद्दल लिहिलं होतं, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, पण ज्यांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना न सांगता रोज घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. आणि च्यवनप्राशात साखर किती असते ते डब्यावर वाचा, सासूबाईंसाठी.

अजून एक, वाफ. लहान मुलाला पातेल्यातली वाफ देऊ नका. उकळतं पाणी अंगावर सांडून भाजलेली मुलं मी पाहिलीत, ते दुःख नको कोणाच्या घरी. नाकात सलाइनचे थेंब टाका, पुरतं.

धायरीकर_आई:
सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं, इतके दिवस वाटत होतं मीच मुलाच्या खाण्यापिण्यात कुठेतरी कमी पडतेय. ईएनटीची अपॉइंटमेंट घेतलीय शनिवारची. कबुतरं आहेत हो आमच्या बाल्कनीत, एसीच्या युनिटमागे घरटंच केलंय, जाळीवाल्याला बोलावते. सासूबाईंचा काढा पण आजपासून बदलते. एक शेवटचं विचारते, फ्लूच्या लशीने फायदा होतो का? आणि मुलाचं नाक गळत असताना देतात का, कारण याचं नाक न गळण्याचा दिवस मिळणं अवघड आहे.

ओपीडीतली_ताई:
होतो, पण फ्लूपुरता, साध्या सर्दीवर ती लस नाही हे लक्षात ठेवा म्हणजे नंतर "लस घेऊन पण सर्दी झालीच" असं वाटणार नाही. फ्लू म्हणजे एकदम चढणारा ताप, अंग मोडून येणं, मूल निपचित पडणं. २००९ चा पुण्यातला स्वाइन फ्लू आठवत असेल, देशातला पहिला मृत्यू इथलाच, शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीच्या रांगा. तोच एच१एन१ आता दर वर्षीच्या फ्लूमध्ये मिसळून फिरतोय आणि लशीत त्याचा समावेश असतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दर वर्षी द्यावी असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पहिल्यांदाच घेत असाल तर या वयात दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने, पुढे वर्षाला एक. घेतल्यावर परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात म्हणून पावसाळ्याआधी घेणं उत्तम, पण आत्ता ऑक्टोबरात घेतली तरी वाया जात नाही, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये फ्लू परत डोकं वर काढतो.

सासूबाईंना पण द्या, त्यांच्या डॉक्टरांना न्यूमोनियाच्या लशीबद्दलही विचारा, शुगर असलेल्यांना दोन्ही सुचवतात. आणि नुसतं नाक गळतंय, ताप नाही, मूल खेळतंय, तर लस देतात, त्यासाठी थांबायचं कारण नाही. ताप असेल तर तो उतरल्यावर जा. जाताना मुलाची लसीकरणाची फाईल बरोबर ठेवा, न्यूमोकोकलचे (न्यूमोनियाच्या लशीचे) डोस पूर्ण झालेत का तेही त्याच वेळी बघून होईल.