मदत हवी आहे : वेगवान पिकअपच्या मागच्या सस्पेन्शनचे गणित जुळत नाही

त्रिज्या

नमस्कार. यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आणि माझा एक वर्गमित्र मिळून एका वेगवान पिकअप ट्रकचा आराखडा करत आहोत. गाडी प्रत्यक्षात बांधायची नाही. चॅसिस, इंजिन, सस्पेन्शन आणि ब्रेक यांची निवड गणिताने आणि संगणकावरच्या प्रारूपाने पटवून द्यायची आहे. तीन आठवडे एकाच जागी अडकल्यामुळे येथे विचारत आहे.

आमची गृहीतके अशी आहेत. चालकासह रिकाम्या गाडीचे वजन २२०० किलो, त्यातले ५८ टक्के पुढच्या आणि ४२ टक्के मागच्या चाकांवर. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर) ३.५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७५ मीटर उंचीवर, टायरचा घर्षण गुणांक ०.९. इंजिन ३०० किलोवॅटचे, ओढ फक्त मागच्या चाकांना. हौद्यात ७०० किलो माल बसला पाहिजे, अशी अट आम्हीच स्वतःवर घालून घेतली आहे, कारण ज्यात माल भरता येत नाही त्याला पिकअप कशाला म्हणायचे, असा आमचा हट्ट होता.

पहिली अडचण वेगाची. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचायला प्रारूपात ६.३ सेकंद लागतात. हे कमी वाटले म्हणून इंजिन ४०० किलोवॅटचे केले, तर उत्तर ६.२ आले. शंभर किलोवॅट ओतून एक दशांश सेकंद मिळतो, याचा अर्थ प्रारूपात कुठेतरी चूक आहे असे समजून आम्ही गिअरचे सर्व आकडे दोनदा तपासले. चूक सापडली नाही.

दुसरी अडचण मागच्या कमानपाट्यांची (एकावर एक रचलेल्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). भरलेल्या गाडीचा विचार करून पाटे निवडले, तर रिकामी गाडी गतिरोधकावरून जाताना मागची चाके जमीन सोडतात. पाटे मऊ केले, तर माल भरल्यावर गाडी बंपस्टॉपवर, म्हणजे हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, जाऊन बसते. शिवाय जोरात निघताना मागच्या आसाला एक विचित्र थरथर येते आणि ओढीचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसू लागतो. ती खरी आहे की प्रारूपातला दोष आहे, हेही कळत नाही.

तेव्हा कमानपाटे सोडून कॉइल स्प्रिंगकडे वळावे का, आणि वेगासाठी नेमके काय बदलावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. एक किरकोळ शंकाही आहे : हौद्याचा मागचा फाळका खाली पाडून गाडी चालवली तर हवेचा विरोध कमी होतो, हे खरे आहे का?

कमानपाटा

आपले प्रारूप बरोबर आहे. चुकीचे काही असेल तर ती इंजिनाकडून ठेवलेली अपेक्षा.

मागच्या चाकांवर स्थिर भार सुमारे ९०६० न्यूटन आहे. प्रवेग घेताना काही भार पुढून मागे सरकतो, पण व्हीलबेस लांब असल्यामुळे तो फार सरकत नाही. हे सगळे समीकरणात घातले, तर केवळ मागच्या चाकांनी ही गाडी जास्तीत जास्त ४.६ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढाच प्रवेग घेऊ शकते. त्या दराने ताशी १०० गाठायला सुमारे ६ सेकंद लागणारच, मग बॉनेटखाली काहीही बसवा. ३०० किलोवॅटपैकी १५ टक्के वाटेत गेले असे धरले, तरी ताशी ९० किलोमीटरपर्यंत आपली मर्यादा टायरची पकड हीच आहे. इंजिनाला बोलायची संधी मिळते ती ताशी ९० ते १०० या शेवटच्या टप्प्यात. आपला तो एक दशांश सेकंद तिथूनच आला आहे.

आता तेच इंजिन चारही चाकांना जोडून पाहा. पकडीची मर्यादा जवळजवळ दुप्पट, म्हणजे ८.८ होते, आणि कागदावर ४.१ सेकंदांच्या आसपास उत्तर येते. गिअर बदलण्याचा वेळ, हवेचा विरोध आणि जादा भागांचे वजन धरले तर साडेचार म्हणा. १९९१ची जीएमसी सायक्लोन ही पिकअप आठवा. ४.३ लिटरचे टर्बो व्ही-६ इंजिन, शक्ती २८० अश्वशक्ती, म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही. पण ओढ चारही चाकांना, पुढे ३५ आणि मागे ६५ टक्के अशी कायमची वाटलेली, आणि म्हणूनच तिने त्या काळच्या स्पोर्ट्स मोटारींना घाम फोडला. याउलट २००४च्या डॉज राम एसआरटी-१० या पिकअपमध्ये व्हायपर या स्पोर्ट्स मोटारीचे ८.३ लिटरचे व्ही-१० इंजिन आणि ५०० अश्वशक्ती होती, पण ओढ फक्त मागच्या चाकांना. त्या गाडीने पिकअपमधला सर्वोच्च वेगाचा विक्रम केला, ताशी सुमारे २४९ किलोमीटर, आणि ते स्वाभाविकच होते, कारण सर्वोच्च वेग शक्तीवर ठरतो, तर जागेवरून उसळी घेणे पकडीवर.

थरथर खरी आहे; तो प्रारूपातला दोष नाही. चाकांना जितका टॉर्क (फिरवणारा जोर) पुढे ढकलतो, तितकाच आसाच्या कवचाला उलट्या दिशेने पिळतो. आपल्या गाडीत तो ३८०० न्यूटन-मीटरच्या घरात जाईल, आणि कमानपाट्यांच्या मांडणीत तो पेलायला पाट्यांशिवाय दुसरे कोणी नसते. मी चाचणीच्या वेळी हे पाहिले आहे : पुढच्या गिअरमध्ये ओढ दिली की डिफरेन्शियलचे (आसाच्या मधोमध असलेल्या गिअरच्या पेटीचे) नाक वर उचलले जाते, पाटा यू-बोल्टच्या पुढे एकीकडे आणि मागे दुसरीकडे वाकून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा होतो, आणि ओढ सुटताच सगळे खाडकन मूळ जागी येते. रस्त्यावर टायर निसटतो, पाटा सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पाटा पुन्हा वाकतो. हाच आपला करवतीचा दात. आसापासून चॅसिसपर्यंत एक दांडी टाकली की ही हालचाल बरीच आवरते, पण तो ठिगळाचा उपाय आहे.

सव्वाअश्वशक्ती

वर दिलेल्या उत्तराशी सहमत आहे. मी फक्त स्प्रिंगच्या प्रश्नावर लिहितो, कारण पिकअपच्या आराखड्यात खरी डोकेदुखी तीच असते आणि कॉइल लावली म्हणून ती जात नाही.

मागच्या आसावरचे स्प्रिंगने पेललेले वजन रिकाम्या गाडीत ६५० किलो धरा आणि ७०० पैकी ६५० किलो माल मागे येतो असे धरा. म्हणजे वजन बरोबर दुप्पट होते. मोटारीत चार माणसे बसल्याने मागचे वजन एवढे कधीच बदलत नाही, आणि मोटारीचे आराखडे वाचून पिकअपकडे येणारे विद्यार्थी इथेच फसतात. रिकाम्या गाडीची कंपनसंख्या (स्प्रिंगवर सेकंदाला होणारे झोके) २ हर्ट्झ ठेवली, तर दोन्ही बाजूंची मिळून स्प्रिंग १०३ न्यूटन प्रति मिमी एवढी कडक लागते. माल भरल्यावर गाडी ६२ मिमी खाली बसते, हे ठीक, पण रिकामी असताना ती माणसांची हाडे मोजते. दीड हर्ट्झ घेतले तर स्प्रिंग ५८ ची होते, बसणे सुखाचे होते आणि माल भरल्यावर गाडी ११० मिमी खाली जाते. आपल्याकडे वरच्या बाजूला १२० मिमी हालचाल असेल, तर खड्ड्यासाठी उरले १० मिमी. हे आकडे कमानपाट्यांना जसे लागू आहेत, तसेच कॉइलला.

यातून दोन वाटा निघतात. पहिली म्हणजे दोन टप्प्यांची स्प्रिंग : पहिल्या ५० मिमीपर्यंत ५८, त्यानंतर मदतनीस स्प्रिंग टेकली की एकूण १४०. हिशेब केला तर पूर्ण भाराला गाडी ७५ मिमी बसते आणि भरलेली कंपनसंख्या १.६५ हर्ट्झ राहते. वळणात नेमकी मदतनीस टेकली की गाडीचे वागणे अचानक बदलते, एवढे लक्षात ठेवा. दुसरी वाट हवेच्या स्प्रिंगची, जिथे भार वाढला की दाब वाढवून उंची तीच राखतात आणि कंपनसंख्याही फारशी हलत नाही. रिव्हियन आर१टी या विजेवरच्या पिकअपमध्ये हवेच्या स्प्रिंग आहेत आणि वळणात गाडीचे कलणे आवरण्यासाठी अँटीरोल बारऐवजी (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या पिळाच्या दांडीऐवजी) चारही शॉकॲब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांशी जोडले आहेत. कल्पना देखणी आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात ती मांडू नये, कारण परीक्षक पुढचे दोन तास नळ्यांबद्दलच विचारत राहतील.

कॉइलचा खरा लाभ वेगळाच आहे. पाटा तीन कामे एकटा करतो : वजन पेलणे, आसाला पुढे-मागे धरणे आणि टॉर्कची पीळ सोसणे. कॉइलसोबत आसाला पाच दांड्यांनी चॅसिसशी जोडण्याच्या मांडणीत ही कामे वेगळी होतात, म्हणून स्प्रिंग हवी तेवढी मऊ ठेवता येते आणि आस पिळत नाही. राम १५००ने २००९च्या मॉडेलपासून मागे कॉइल आणली. फोर्डने एफ-१५० रॅप्टरला २०२१मध्ये पाच दांड्या आणि कॉइल दिली. आणि ७०२ अश्वशक्तीच्या राम टीआरएक्सचीही मांडणी तीच होती.

शॉकॲब्सॉर्बर विसरू नका. वजन दुप्पट झाले आणि स्प्रिंग तीच राहिली, तर अवमंदन गुणोत्तर (झोके किती लवकर विरतात याचे माप) १.४१ पटीने घटते. रिकाम्या गाडीत ०.३५ असेल तर भरलेल्या गाडीत ०.२५. भरलेली पिकअप महामार्गावर होडीसारखी डोलते ती यामुळे.

कमानपाटा

राहून गेलेल्या दोन गोष्टी. फाळका बंदच ठेवा. बंद हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्यावरून घसरत फाळक्यापर्यंत जाते. फाळका पाडला की ही घडी मोडते आणि विरोध सहसा वाढतोच. हौद्यावर सपाट झाकण घातल्यास थोडा फायदा होतो.

दुसरी गोष्ट चॅसिसची. केबिन आणि हौदा शिडीसारख्या चौकटीवर स्वतंत्रपणे बसवलेले असतात. जुन्या पिकअपचे एक चाक उंच कडेवर चढवून केबिन आणि हौदा यांमधली फट पाहा : वरच्या टोकाला एका बाजूने ती बोटभर मिटलेली दिसेल आणि दुसऱ्या बाजूने उघडलेली. चौकट अशी पिळत असेल तर तीच एक न मागितलेली स्प्रिंग असते, आणि पुढे-मागे अँटीरोल बार कितीही बदलले तरी गाडी दाद देत नाही. उघड्या ‘सी’ आकाराच्या पट्ट्यांऐवजी बंद पेटीसारखा छेद घ्या आणि पिळाचा कडकपणा प्रारूपात घाला. तो अनंत धरला असेल तर वळणाचे सगळे आकडे खोटे आहेत.

त्रिज्या

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चौकटीचा कडकपणा आम्ही खरोखरच अनंत धरला होता.

काल रात्री चारही चाकांना ओढ देऊन प्रारूप पुन्हा चालवले. ८० किलो वजन वाढवूनही ३०० किलोवॅटवर ४.६ सेकंद आले, म्हणून मोठे इंजिन सोडून दिले आहे. मागे पाच दांड्या आणि दोन टप्प्यांची कॉइल घेत आहोत. वर्गमित्राचे म्हणणे आहे की मालाची अट ५०० किलोवर आणावी म्हणजे मदतनीस स्प्रिंगची गरजच उरणार नाही. सायक्लोनची क्षमता अवघी ५०० पाउंड, म्हणजे सुमारे २२७ किलो होती, हे तो पुरावा म्हणून दाखवतो.

सव्वाअश्वशक्ती

५०० किलोला ५८ ची एकच स्प्रिंग घेतली, तर त्यातले ४६० किलो मागे येतात असे धरून गाडी ७८ मिमी बसते. वर ४२ मिमी उरतात. मित्राचे म्हणणे टिकण्यासारखे आहे, पण ४२ मिमीमध्ये बंपस्टॉप लांब आणि मऊ घ्यावा लागेल, आणि मग तोच आपली मदतनीस स्प्रिंग होईल. ७०० सोडू नका. टीआरएक्सची क्षमताही १३१० पाउंड, म्हणजे ५९४ किलो होती, आणि तिची चाके आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हलत. मदतनीस स्प्रिंग ५० ऐवजी ३५ मिमीला टेकवून एकदा वळणाची चाचणी चालवा आणि आलेख येथे टाका.