दादर आलं हे कळतं, कानाने आणि नाकाने

भाच्याची नजर गेलीय, तो पुण्याहून एकटा मुंबईला जाऊ शकेल का, असं तुम्ही विचारलंय. जाऊ शकेल हो. मला फक्त उजेड-अंधार कळतो, तरी दादरला जाऊन येतो.

स्टेशन कुठलं आलं हा प्रश्न सगळेच विचारतात. खंडाळ्यानंतर बोगदे सुरू झाले की गाडीचा आवाज एकदम अंगावर येतो, मग घाट उतरला की खिडकीतून दमट वारा लागतो, आणि कर्जतला थांबली तर वडेवाल्यांची आरोळी! खात्रीला फोनमध्ये टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) लावून लोकेशन ऐकायचं, पण एकाच कानात इअरफोन, दुसरा मोकळा पाहिजेच.

नवीन बनावटीच्या, म्हणजे एलएचबी डब्यांत सीट नंबर ब्रेलमध्ये असतात, बोटाने चाचपून सापडतात. पूर्ण अंध असेल तर स्लीपर, थ्री एसीला ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच, त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग कार्ड आधी काढून ठेवा.

खरी कटकट प्लॅटफॉर्मवर. एकदा एका काकांनी न विचारता मागून दंड धरला आणि 'चला चला' करत मला भलत्याच डब्यात चढवलं, मी मुंबईला निघालेलो आणि गाडी सोलापूरची, सुटायच्या आत उतरलो म्हणून बरं 😄 भाच्याला सांगा, कोणी मदतीला आलं तर आपण त्याचा कोपर धरायचा, त्याला आपला धरू द्यायचा नाही. आणि पहिल्यांदा लोणावळा लोकलने नेऊन आणा, दुपारची, गर्दी कमी असते.