नोकरी सांभाळून चित्रं काढते. लाइव्ह सुरू करावं का?

रंकाळ्याकाठी (कोल्हापूर)

नमस्कार. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. जलरंगात काम करते, पण रात्री मागचं आवरून झाल्यावर उरेल तेवढ्याच वेळात. वर्षभरात सुरू केलेली अकरा चित्रं अर्धवट पडली आहेत. मार्चएन्डला तर महिनाभर ब्रश ओलासुद्धा झाला नाही. धाकटी बहीण म्हणते, "आठवड्यातून दोनदा यूट्यूबवर लाइव्ह बस. कोणी बघतंय म्हटलं की हात चालेल, चार लोकांना नावही कळेल." चॅनेलला 62 सबस्क्रायबर आहेत, त्यातले निम्मे नात्यातले. कोणी बघत नसताना तासभर कॅमेऱ्यापुढे बसायचं या विचारानेच पोटात गोळा येतो. नोकरी-धंदा करून हे नियमित करणारं इथे कोणी आहे का? खरंच उपयोग होतो, की चित्रच बाजूला राहतं?

माहुलीचा घाट (सातारा)

ताई, जरूर सुरू करा. माझं साताऱ्यात मेडिकल आहे. रात्री नऊला शटर ओढतो आणि 2022 च्या पावसाळ्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पावणेदहाला लाइव्ह बसतो. त्याआधीची सहा वर्षं माझीही तुमच्यासारखीच गेली. घरी आलो की "आज दमलोय, उद्या बघू", आणि तो उद्या काही उजाडायचा नाही.

पहिल्या चौदा लाइव्हला बघणाऱ्यांचा आकडा शून्य, एक, फार तर दोन. त्यात एक आमची बायको, आतल्या खोलीतून. तरी त्या चौदा रात्रींत माझी नऊ चित्रं पुरी झाली, आधीच्या दोन वर्षांत मिळून तेवढी झाली नव्हती. गिऱ्हाइकाला "तुमचं औषध संध्याकाळपर्यंत आणून ठेवतो" असं सांगितलं की मी ते ठेवतोच, मग तो माणूस येवो न येवो. पावणेदहाची वेळ चॅनेलवर लिहिली तेव्हा तीही तशीच झाली. शब्द दिला होता, म्हणून बसलो. तेव्हा सुरुवातीला आकड्याकडे बघूच नका. स्क्रीनच्या ज्या कोपऱ्यात तो दिसतो, तिथे मी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला होता.

आता खरी गोष्ट सांगतो. जलरंगात सगळ्यात अवघड काम म्हणजे थर वाळेपर्यंत थांबणं. एकटा असताना मला दम निघायचा नाही. आभाळ ओलं असतानाच ब्रश घालायचो, मग पाणी मागे सरकून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटायचा आणि आभाळ गेलं. लाइव्हमध्ये त्या सात-आठ मिनिटांत मी बोलतो. फळी तिरकी करून कागदावरची चकाकी दाखवतो. आधी सगळीकडे पाणी चमकतं, मग कडेने चमक मरत जाते, शेवटी मध्ये बशीएवढी उरते आणि तीही जाते. तरी वाळलेलं नसतं. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवली की गार लागतं, म्हणजे आत ओल आहे, अजून थांबायचं. एक निवृत्त मास्तर दर वेळी विचारतात, "गेला का गारवा?" त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी थांबतो, आणि माझी आभाळं सुधारली ती त्यामुळे. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तपकिरी घालून पावसाळी राखाडी किती पाण्याला कशी होते, हेही लोकांना समजावून सांगताना मलाच नीट कळलं.

सामान फार लागत नाही. माझ्याकडे सलाईनचा एक जुना स्टँड होता, त्याला क्लॅम्प लावून फोन कागदाच्या वर आडवा धरलाय. क्लॅम्प मात्र घट्ट करा. एकदा सैल राहिला आणि फोन थेट ओल्या कृष्णेत पडला, माहुलीच्या संगमाचं चित्र होतं ते, गेलं. मागचा कॅमेराच वापरा. मोबाईलवरून लाइव्ह करायला यूट्यूबला किमान 50 सबस्क्रायबर लागतात, ते तुमचे आहेतच. पण पहिल्यांदा लाइव्ह चालू करायची परवानगी मिळायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून आदल्या दिवशीच मागून ठेवा. सेकंदाला अडीच मेगाबिट धरले तर तासाला 1.1 जीबी डेटा जातो. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर दिवसभर जपून वापरावा लागेल. मागे रेडिओ लावू नका, जुन्या गाण्यांवरही कॉपीराइटचा दावा येतो. कुकरची शिट्टी झाली तर होऊ द्या.

ओळख हळूच वाढते. आज माझ्याकडे पंचवीस-तीस माणसं बसतात, बाकीचे रेकॉर्डिंग नंतर बघतात. गेल्या वर्षी सात लहान चित्रं विकली गेली, सातही नेहमी येणाऱ्यांनीच घेतली.

निळी शाई (नागपूर)

मी सुलेखन करते. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तोही ऐका. आठवड्यातून पाच दिवस लाइव्ह करायचे. लोक म्हणायचे, "माझं नाव लिहा ना." मला नाही म्हणवायचं नाही. आठ महिने मी नावंच लिहीत होते. बोरूच्या तिरक्या कापाने जोडाक्षरं बसवायचा माझा एक प्रयोग चालला होता, तो तिथेच थांबला. आता आठवड्यातून एकदाच लाइव्ह, आणि त्या दिवशी काय लिहायचं ते आधी जाहीर करते. ताई, एक बैठक तरी बिनकॅमेऱ्याची ठेवा. बिघडवायला जागा लागते हो.

माहुलीचा घाट (सातारा)

यांचं शंभर टक्के बरोबर आहे. मी रविवारी सकाळी घाटावर एकटा जातो, फोन पिशवीत. नवा विषय आधी तिथे करून बघतो, हात बसला की मग लाइव्हला आणतो. आणि पाच दिवस नकोच, नोकरी करणाऱ्याला दोन पुरे.

डब्याची वेळ (न्यू जर्सी)

मी चित्रं काढत नाही, बघते. साताऱ्याचे पावणेदहा म्हणजे आमच्याकडे दुपारचे सव्वाबारा, हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की सव्वाअकरा. ऑफिसात डबा उघडते आणि दादांचं लाइव्ह लावते. कमेंट क्वचित करते, पण एखाद्या मंगळवारी ते बसले नाहीत तर जेवण घशाखाली उतरत नाही. ताई, आकड्यात न दिसणारी माणसंही असतात. फक्त वेळ बदलू नका.

रंकाळ्याकाठी (कोल्हापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री साडेनऊला पहिलं लाइव्ह केलं. चार जण होते, त्यातली एक बहीण. पहिली दहा मिनिटं तोंडातून शब्द फुटेना. मग आभाळाचा थर दिला आणि गारवा बघत बसले, तेव्हा आपोआप बोलायला लागले. रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसचं एक चित्र सहा महिने अर्धवट होतं, त्याचं आभाळ पुरं झालं. मंगळवार आणि गुरुवार लिहून टाकलेत. दिवा उजवीकडे होता, हाताची सावली सारखी कागदावर येत होती. काय करू?

माहुलीचा घाट (सातारा)

बघितलं मी, चौघांत होतो. दिवा डावीकडे घ्या, थोडा वर, आणि पांढऱ्या उजेडाचा घ्या. पिवळ्या बल्बखाली तुमचं निळं हिरवट दिसत होतं. पॅलेसचं पाण्यातलं प्रतिबिंब गुरुवारी करणार असाल तर खालची कड आधी ओली करून घ्या.