खान्देशातल्या घरात काळ्या भिंती : विसावा की हौस?

गिरणाकाठ (जळगाव), धागाकर्ता :
दिवाळीआधी घराचे रंगकाम काढायचे आहे. झोपण्याच्या खोलीच्या तीन भिंती आणि बैठकीतली एक भिंत कोळशासारखी काळी करावी, असे माझ्या मनात आहे. घरात यावरून दोन तट पडले आहेत, म्हणून हा विषय येथे मांडतो.

माझे म्हणणे असे की, गडद खोली आपल्या भागाला परकी नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी बाहेरून आलेल्या माणसाचे डोळे इतके दिपलेले असतात की पांढऱ्या भिंतींच्या, ट्यूबलाइटने उजळलेल्या खोलीत त्यांना विसावा मिळतच नाही. आजोळच्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरात मधल्या खोलीत शिरलो की क्षणभर काहीच दिसत नसे. मग माठ, सागाचा खांब, खांबाला टेकून बसलेली आजी असे एकेक उमटत जाई. तो काळोख मला निवाऱ्याचा वाटत असे. जळगावहून साधारण ६० किलोमीटरवरच्या अजिंठ्यातही पहिल्या लेण्यातला भिंतीवर चितारलेला पद्मपाणी बोधिसत्त्व मंद उजेडातच पाहावा लागतो, आणि तो तसाच शोभतो. काळ्या भिंतीपुढे पितळेची समई किंवा जुन्या सागाची पेटी ठेवून पाहा. पांढऱ्या भिंतीपुढे त्यांना तसा उठाव येत नाही.

पांझराकाठ (धुळे) :
आपल्या आठवणीचा आदर ठेवूनच विरोध नोंदवतो. धाब्याचे घर गार असे ते काळोखामुळे नव्हे. दीड-दोन हात जाडीची मातीची भिंत आणि वर खाऱ्या मातीचा थर, यांतून दुपारचे ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होत असे. काळोख होता तो खिडक्या लहान असल्यामुळे. आज आपली भिंत सहा ते नऊ इंचांची आणि डोक्यावर तापणारा स्लॅब. म्हणजे आपण जुन्या घराची सावली उचलता आहात, ती देणारी भिंत मात्र मागेच राहिली आहे.

अजिंठ्याचा दाखला तर आपल्या विरोधात जातो. तेथे खडकावर मातीचा गिलावा देऊन त्यावर चुन्याचा पांढरा हात फिरवला आणि मग चित्रे काढली. काळोख्या लेण्यातही चित्रकाराने भिंत पांढरीच मागितली. पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत देतो, काळा जेमतेम ५ टक्के. त्यामुळे तीन काळ्या भिंतींच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागेल, आणि वीज गेली की त्या खोलीतून बाहेर यावे लागेल. त्यात आपल्याकडची उन्हाळी धूळ आणि बोअरचे क्षाराचे पाणी! माझ्याकडे ओट्याला काळा ग्रॅनाइट आहे. पाणी लगेच पुसले नाही तर त्यावर पांढरे डाग उठतात आणि दिवसभर फडके हातातून सुटत नाही.

तापीतीर (भुसावळ) :
मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे, म्हणून एक गैरसमज दूर करतो. काळा रंग उष्णता ओढतो हे खरे, पण ऊन त्याच्यावर थेट पडत असेल तर. गच्ची आणि पश्चिमेची बाहेरची भिंत काळी करणे म्हणजे स्वतःच्या हाताने तवा तापवणे होय. खोलीच्या आतली, ऊन न लागणारी भिंत जी उष्णता सोडते ती न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात, आणि त्या बाबतीत पांढरा व काळा भिंतरंग जवळजवळ सारखेच वागतात. तेव्हा आतल्या काळ्या भिंतीमुळे खोली तापेल ही भीती धरू नये. मात्र पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असेल, तर ते ज्या भिंतीवर पडते ती काळी करू नये. गच्चीला पांढरा लेप आधी द्यावा. आतल्या रंगाचा विचार त्यानंतर.

सातपुडा पायथा (यावल) :
या चर्चेत एक बाजू आलेली नाही, ती मी मांडते. भाऊ, ज्या काळोखाची आपल्याला ओढ वाटते, तशाच घरात मी सून म्हणून आले. स्वयंपाकघराच्या भिंती चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या, कडीपाटाला काजळी लोंबत असे. दर सणाच्या आधी जळमटे काढून, भिंती घासून, पांढऱ्या मातीचा हात देताना माझे खांदे भरून येत आणि महिन्याभरात भिंत पुन्हा काळी होई. पुढे गॅस आला आणि पहिल्यांदा ती भिंत वर्षभर पांढरी राहिली, तेव्हा मी तिच्याकडे बराच वेळ पाहत उभी होते. आजी त्या खांबाला टेकून बसलेली आपल्याला दिसली; ती कशाने दमून बसली होती, हेही आठवून पाहावे. काळी भिंत वाईट, असे मी म्हणत नाही. पण घरात माझ्या वयाच्या बाई असतील तर त्यांना विचारल्यावाचून ती करू नये.

गिरणाकाठ (जळगाव), धागाकर्ता :
ताई, आपला प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, “स्वयंपाकघराला हात लावू नको.” तिला कधी विचारलेच नव्हते, ही माझी चूक.

पांझराकाठ यांचा चुन्याचा मुद्दा मान्य आहे. तरीही झोपण्याच्या खोलीबाबत माझे मत बदललेले नाही. तेथे मला उजेड परत नको, तो भिंतीत मुरलेलाच हवा आहे, आणि त्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. भिंत चकचकीत न ठेवता मंद पोताची ठेवीन, छत पांढरेच राहील. बैठकीतल्या भिंतीवर पश्चिमेचे ऊन येते, म्हणून तिचा विचार सोडला.

पांझराकाठ (धुळे) :
उत्तरेच्या खोलीपुरता माझा विरोध सौम्य करतो, सोडत मात्र नाही. काळ्यावरून पुन्हा पांढऱ्यावर यायचे झाल्यास आधी प्राइमर, मग दोन-तीन हात, एवढा खर्च पडतो. एकच भिंत करून एक उन्हाळा काढावा.

सातपुडा पायथा (यावल) :
आईंची खोली कोणती, ते आपण लिहिले नाही. वय वाढले की डोळ्यांना अधिक उजेड लागतो आणि गडद फरशीवर पायरीची कड दिसत नाही. त्या खोलीकडे जाताना उंबरा किंवा पायरी असेल तर तिच्या कडेला पांढरा पट्टा ओढून घ्या, आणि दिव्याचे बटण काळ्या भिंतीवर पांढरेच ठेवा, म्हणजे रात्री उठल्यावर चाचपडावे लागणार नाही.