'अधिवृक्क' मधला 'अधि'

माझी मावशी चोपड्याची. वर्षभर तिचं एकच म्हणणं, "आंगमा जीवच नही." वजन उतरलं, उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. कळण्याच्या भाकरीचं पीठ मळता मळता मिठाची चिमूट तोंडात टाकायची. तळहाताच्या रेषा काजळ भरल्यासारख्या काळ्या झाल्या. आम्ही म्हटलं, कापूस वेचते, उन्हाने असेल. हिरड्यांवरच्या काळ्या डागांना ऊन कुठून लागणार, हे कुणाला सुचलं नाही.

निदान झालं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'अधिवृक्क ग्रंथींचा अपुरेपणा'. घरात कळला तो फक्त 'वृक्क', म्हणजे किडनी! शेजारच्या काकांनी मीठ बंद करायला सांगितलं आणि चार दिवस मावशी अळणी जेवली. या आजारात ते घातक. या ग्रंथींचं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) कमी पडलं की मीठ लघवीवाटे निघून जातं, म्हणून तर जीव मीठ मागतो.

'अधि' म्हणजे वर. डोंगरमाथ्यावरच्या सपाट जमिनीला संस्कृतात अधित्यका म्हणतात. आपलं तोरणमाळ डोळ्यांसमोर आणा. तशा या दोन लहान ग्रंथी मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या. शब्द फक्त जागा सांगतो, काम सांगत नाही. काम आहे कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं बनवण्याचं. यापेक्षा सोपा शब्द कुणाकडे आहे का?

प्रतिसाद, धुळ्याहून : ताई, 'अॅड्रिनल'सुद्धा लॅटिनमध्ये 'मूत्रपिंडाजवळची' एवढंच सांगतो. मला जास्त खटकतो तो या आजाराच्या दुसऱ्या प्रकाराला लावलेला 'दुय्यम' हा शब्द. ग्रंथीच बिघडली (क्षयाने किंवा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने) तर प्राथमिक. १८५५ मध्ये थॉमस अॅडिसनने वर्णन केला तो हाच. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून हुकूम येईनासा झाला तर दुय्यम. ऐकणाऱ्याला वाटतं, दुय्यम म्हणजे किरकोळ. तसं मुळीच नाही. माझ्या वडिलांनी दम्यासाठी बरीच वर्षं घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम सोडल्या. कॉर्टिसोलचं काम करणारं औषध आयतं मिळतं म्हणून ग्रंथी झोपल्या होत्या, त्या वेळेवर जाग्या झाल्या नाहीत. दुय्यमात कातडी काळवंडत नाही, त्यामुळे ओळखायलाही उशीर होतो. मी 'वरून आलेला अपुरेपणा' म्हणतो.

मूळ लेखिका : दादा, 'वरून आलेला' घेतला. मावशीच्या बटव्यात आता चिठ्ठी ठेवली आहे, शब्द तिनेच सांगितले : "माझ्या किडन्या चांगल्या आहेत. त्यांच्यावरच्या ग्रंथी थकल्या आहेत. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलचं औषध) रोज लागतं. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवा. उलट्या होत असतील तर त्याचंच इंजेक्शन द्या, वाट बघू नका."