‘पेमेंट’ला ‘देयक’ म्हणावे का? एआय एजंटच्या क्रिप्टो व्यवहारांची मराठी परिभाषा

प्रश्न

एआय एजंटला स्वतःहून स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरसारख्या चलनाशी मूल्य बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात) पैसे देता यावेत, यासाठीच्या एका साधनाची मराठी माहितीपुस्तिका मी लिहीत आहे. साधन एक्स४०२ या, वेबवरील मागणीसोबतच पैसे देण्याच्या, पद्धतीवर चालते. ‘पेमेंट’साठी काही सहकारी ‘देयक’ लिहितात, तर काही ‘भरणा’. ‘ऑथरायझेशन’, ‘सेटलमेंट’ आणि ‘नॉन्स’ यांना कोणते शब्द योग्य ठरतील?

प्रतिसाद १

‘देयक’ हा शब्द ‘पेमेंट’साठी कृपया वापरू नये. महाराष्ट्रात वीजदेयक म्हणजे विजेचे बिल. जे द्यायचे आहे त्याचा तो कागद असतो, दिलेले पैसे नव्हेत. या पद्धतीत मात्र ‘देयक’ शब्दाला नेमकी जागा आहे. एचटीटीपी या वेबवरील संवादाच्या नियमावलीच्या १९९९च्या विनिर्देशात ४०२ हा स्थितिसंकेत (सर्व्हरच्या उत्तराचा प्रकार सांगणारा आकडा) भविष्यातील वापरासाठी राखून ठेवला होता आणि कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने मे २०२५मध्ये एक्स४०२ आणताना त्याचाच आधार घेतला. एजंटने सशुल्क सेवा मागितली की सर्व्हर ४०२ उत्तर पाठवतो आणि किती रक्कम, कोणत्या नाण्यात, कोणत्या नेटवर्कवर आणि कोणत्या पत्त्यावर द्यायची हे त्यात सांगतो. हे उत्तर म्हणजेच देयक. ‘पेमेंट’साठी शासकीय मराठीत ‘अधिदान’ आहे (मुंबईतील अधिदान व लेखा कार्यालय अनेकांना ठाऊक असेल), पण विकासकांसाठीच्या पुस्तिकेत ‘रक्कम अदा करणे’ अधिक सहज वाचले जाईल.

खरी काळजी पुढच्या टप्प्याची घ्यावी लागते. देयक मिळाल्यावर एजंट पैसे पाठवत नाही. तो फक्त एका मजकुरावर आपल्या खासगी किल्लीने (वॉलेटच्या गुप्त संकेताने) स्वाक्षरी करतो. यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या स्टेबलकॉइनच्या बाबतीत हा मजकूर इथेरियम ब्लॉकचेनच्या ईआयपी-३००९ या प्रमाणानुसार असतो आणि त्यात देणारा, घेणारा, रक्कम, मुदतीची सुरुवात व शेवट आणि नॉन्स (एकदाच वापरायचे मूल्य) एवढ्या गोष्टी येतात. या क्षणी वॉलेटमधील शिल्लक जशीच्या तशी असते. म्हणून येथे ‘एजंटने रक्कम अदा केली’ असे लिहिणे चूक आहे. ‘एजंटने स्वाक्षरीयुक्त मंजुरी दिली’ असे लिहावे; ‘ऑथरायझेशन’साठी ‘मंजुरी’ हाच शब्द. पुढे फॅसिलिटेटर ही सेवा ती मंजुरी साखळीवर (ब्लॉकचेनवर) सादर करते आणि तेव्हाच पैसे हलतात. या क्रियेसाठी, म्हणजेच ‘सेटलमेंट’साठी, मराठीत धनादेशामुळे घरोघरी पोहोचलेला शब्द आहे: वटणे. धनादेशाप्रमाणेच या मंजुरीलाही मुदत असते, ती रद्द करण्याची सोय यूएसडीसीत आहे आणि वटवताना खात्यात शिल्लक नसेल तर तीही वटत नाही.

फॅसिलिटेटरला ‘मध्यस्थ’ म्हणणे मी टाळेन, कारण मध्यस्थाच्या हातातून पैसा जातो असा आपला समज असतो. येथे रक्कम आणि घेणाऱ्याचा पत्ता दोन्ही स्वाक्षरीत बांधलेले असल्याने त्याला ते बदलता येत नाहीत. रक्कम थेट एजंटच्या पत्त्यावरून विक्रेत्याच्या पत्त्यावर जाते. मूळ शब्द ठेवून पहिल्याच उल्लेखात त्याचे काम एका वाक्यात सांगणे उत्तम.

प्रतिसाद २

‘वटणे’ बोलीत ठीक आहे, परंतु औपचारिक पुस्तिकेत बँकिंग परिभाषेतला ‘समाशोधन’ अधिक भारदस्त वाटेल, असे मला वाटते.

प्रतिसाद १

‘समाशोधन’ हा ‘क्लिअरिंग’चा पर्याय आहे. बँका परस्परांची देणी-घेणी एकत्र मांडून उरलेली रक्कम चुकती करतात, ती ही क्रिया. साखळीवर अशी वजावट होत नाही. प्रत्येक मंजुरी स्वतंत्रपणे वटते. शिवाय ‘पडताळणी झाली’ आणि ‘मंजुरी वटली’ हा भेद वाचकाच्या मनावर ठसणे अत्यावश्यक आहे, कारण सर्व्हर बहुधा आधी पडताळणी करतो, मग काम करतो आणि त्यानंतर मंजुरी वटवायला देतो. या मधल्या वेळेत त्याच वॉलेटमधील शिल्लक दुसरीकडे खर्च झाली, तर पडताळणी यशस्वी होऊनही विक्रेत्याला पैसे मिळणार नाहीत. भारदस्त पण संदिग्ध शब्दाने हा धोका झाकला जाईल.

‘नॉन्स’साठी ‘क्रमांक’ असलेला कोणताही शब्द नको. इथेरियम खात्याचा नॉन्स क्रमाने वाढतो, पण ईआयपी-३००९मधील नॉन्स ३२ बाइटांचे यादृच्छिक मूल्य असते; ‘क्रमांक’ वाचून एखादा विकासक १, २, ३ असे मोजू लागेल. ‘एकवापरी खूण’ हा शब्द चालेल. तीच मंजुरी दोनदा वटू नये, हे तिचे काम.

रकमेबाबतही एक सूचना करतो. यूएसडीसीला सहा दशांश स्थळे आहेत, त्यामुळे देयकात १०,००० हा आकडा असेल तर त्याचा अर्थ ०.०१ यूएसडीसी होतो. पुस्तिकेत अशा आकड्यांपुढे ‘लघुतम एकके’ हे शब्द प्रत्येक ठिकाणी लिहावेत. माणूस आकडा पाहून थबकतो; एजंट मात्र त्याला दिलेल्या खर्चमर्यादेत बसणारी कोणतीही रक्कम न विचारता मंजूर करील, आणि ती मर्यादा कोणत्या एककात लिहायची हे त्याच्या मालकाला आपल्या पुस्तिकेतूनच कळणार आहे.