मदत हवी आहे: स्वतःच्या कोर्ससाठी पैसे कुठे साठवावेत?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापणारं संगणकी मशीन) ऑपरेटर आहे. आयटीआय मशिनिस्ट, नोकरीला अकरा वर्षं झाली, हातात पगार २९ हजार. दिवाळीनंतर आमच्याकडे फाइव्ह अ‍ॅक्सिस, म्हणजे पाच अक्षांवर फिरून कापणारं मशीन आलं. कापायचा जॉब मी लावतो, त्याचं बोअर (भोक) मी मोजतो, मापातल्या फरकाचा ऑफसेटही मीच देतो. पण प्रोग्रॅमची एखादी ओळ बदलायची झाली की मशीन बंद ठेवून प्रोग्रॅमरची वाट बघायची. परवा अडीच तास असेच गेले. चूक कुठे आहे ते स्क्रीनवर मला दिसत होतं, पण हात लावायची मुभा नाही. त्या दिवशी ठरवलं, कॅम प्रोग्रॅमिंग, म्हणजे मशीनचे प्रोग्रॅम संगणकावर बनवणं, शिकायचंच.

चिंचवडला सहा महिन्यांचा संध्याकाळचा कोर्स आहे. खासगी क्लास, फी ६८ हजार.

कर वाचवणं हा माझा प्रश्न नाही. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच नाही, मग मला सवलत देऊन काय उपयोग? मला हवेत ते फक्त शिकण्यासाठी बाजूला राहणारे पैसे, घरात अडचण आली तरी चटकन मोडता न येणारे. पीएफला हात लावायचा नाही, हे बायकोचं आणि माझं ठरलंय.

२०२१ च्या जूनमध्ये पीपीएफ उघडलं, महिन्याला दोन हजार टाकतो. व्याज करमुक्त, ७.१ टक्के. पण पैसे काढता येतील ते खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी, म्हणजे एप्रिल २०२७ पासून. तोवर कर्ज मिळतं, तेही दोन वर्षांपूर्वीच्या शिलकीच्या २५ टक्केच, म्हणजे वीस-पंचवीस हजार. उच्च शिक्षणासाठी खातं मुदतीआधी बंद करता येतं, पण त्यालाही तीच पाच वर्षांची अट, वर एक टक्का व्याज कमी. शिवाय प्रवेश मान्यताप्राप्त संस्थेत हवा.

एक गोष्ट मनाला लागते. मुलांच्या फीला जुन्या करप्रणालीत ८०सी ची सवलत आहे, मुलीसाठी सुकन्या बचत योजना आहे. स्वतःच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं तर जुन्या प्रणालीत व्याजाला ८०ई ची सूट आहे. पण पै पै साठवून स्वतःची फी भरली तर काहीच नाही. फ्रान्समध्ये कामगाराच्या प्रशिक्षण खात्यात वर्षाला ५०० युरो जमा होतात, ५००० पर्यंत, आणि नोकरी बदलली तरी ते खातं त्याचंच राहतं. आपल्याकडेही असं काही हवं होतं, मनापासून वाटतं.

जाणकारांना विचारायचंय:

पीपीएफ मुदतीआधी बंद करायला खासगी क्लासची पावती चालते का? कोणी दाखवून पाहिली आहे?

सरकारी कौशल्य कर्जाची मर्यादा २०२४ मध्ये दीड लाखावरून साडेसात लाख झाली. पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या शाखेतून ते खरोखर कोणाला मिळालंय का? की आधी बँकेत वर्षभराची आरडी (दरमहा ठेव) लावून पुढच्या वर्षीची बॅच धरू?

या वर्षीची बॅच जुलैत सुरू होते आणि अर्ध्या फीची पावती आधी फाडावी लागते. त्याआधी ठरवायचंय.